त्या दिवशी सभागृह चाललं

माझा मित्र आमदार होता आणि मी त्याचा स्वीय सहायक. अर्थसंकल्पीय अधिवेशन चालू असताना एका संध्याकाळी मी त्याला सांगितलं, की उद्या सभागृह चालणार नाही, गोंधळ होऊन तहकूब होईल, तू खुशाल लग्नाला जा. तसा निरोप आतून आला आहे, असंही मी सांगितलं. असा कुठलाच निरोप आला नव्हता. मी कोणाला विचारलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सभागृह चाललं, त्याचं नाव पुकारलं गेलं आणि तो तिथे नव्हता. त्यातून पुण्याच्या पूर्वेला, खराडीच्या बाजूची एक वस्ती उठली आणि तिथेच जन्मलेल्या त्या माणसाचं राजकारण संपलं. लोक आजही ही त्याची चूक म्हणून सांगतात. ती माझी होती. ते सांगायला मला इतकी वर्षं का लागली, हे लिहिल्याशिवाय मला सुटका नाही, आणि लिहिल्यावर सुटका होईल असंही वाटत नाही.

आमची ओळख लॉ कॉलेजातली. दोघंही बौद्ध घरांतले, पण घरं वेगळी. माझे वडील सरकारी कचेरीत लिपिक होते. मी येरवड्याकडच्या सरकारी वसाहतीत वाढलो. नळ होता, विजेचं मीटर होतं, पहिल्या तारखेला पगार होता. त्याचं घर खराडीच्या पलीकडे गायरानावर, पत्र्याचं. वडील लोणीच्या एका बागायतदाराच्या उसात राबून लवकर गेले. आई मांजरी गावच्या मळ्यांमध्ये खुरपायला जायची. तो कॉलेजात यायचा तेव्हा त्याच्या चपलांना कायम काळी माती लागलेली असायची. वादविवाद स्पर्धेत तो उभा राहिला की समोरचे चपला विसरायचे. मी त्याची भाषणं लिहून द्यायचो. तो ती वाचायचा, बाजूला ठेवायचा आणि स्वतःचं बोलायचा. तरी बक्षीस मिळालं की "आपल्याला मिळालं" म्हणायचा.

पक्षाने त्याला तिकीट दिलं, कारण ती जागा येणार नाही असं सगळ्यांनी धरलं होतं. पडणाऱ्या जागेवर तरुण चेहरा दिला की वर्तमानपत्रात बरं दिसतं. तो पायी फिरला. त्या काळात आमच्या पूर्वेकडच्या गावांमध्ये विचित्र धांदल होती. शेतं विकली जात होती, उसाच्या फडाशेजारी काचेच्या इमारतींचे पाये खणले जात होते, ज्याच्या गोठ्यात कालपर्यंत म्हशी होत्या त्याच्या दारात परदेशी बनावटीची गाडी उभी होती. प्रत्येकाला वाटत होतं की काहीतरी मोठं येतंय आणि आपण त्यातून सुटू नये. हा गडी सगळ्यांशी त्याबद्दल बोलला आणि निवडून आला. तिशीही गाठली नव्हती. वस्तीत गुलाल उधळला तेव्हा त्याच्या आईने पदराने त्याचं कपाळ पुसलं आणि विचारलं, "आता तरी नळ यील का रं?"

नळ आला. सहा महिन्यांत आणला त्याने. वस्तीसाठी त्याने केलेलं तेवढंच एक काम शेवटपर्यंत टिकलं, म्हणजे वस्ती होती तोवर.

आमदाराचं काम काय असतं, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. कायदे वगैरे असतातच. पण आमच्याकडे सकाळी कार्यालयाचं दार उघडलं की रांग असायची. एकदा मांजरीचा एक जण पोराला घेऊन आला.

"आमदारसाहेब, ह्याला त्या कम्प्युटरच्या कंपनीत लावा."

"शिकलाय किती?"

"बारावी झालाय. कम्प्युटर येतो त्याला."

"काय येतं कम्प्युटरमधलं?"

पोरगं खाली बघत म्हणालं, "चालू करता येतो."

"बंद?" माझ्या मित्राने विचारलं.

"त्यो त्याचा त्यो होतो की, लाइट गेली की," बाप म्हणाला, आणि सगळं कार्यालय हसलं. पोरगंही हसलं. त्याला पुढे एका कंपनीच्या दारावर सुरक्षा रक्षकाची नोकरी मिळाली. आम्ही मिळवून दिलेल्या नोकऱ्या बहुतेक दाराबाहेरच्याच होत्या.

आणि या सगळ्याच्या वर लग्नं आणि दहावे. आमच्या भागात आमदाराने अक्षता टाकायला आलंच पाहिजे. जेवणावळ सुरू झाल्यावर आला तर ते न येण्याहून वाईट. दहाव्याला नदीवर सकाळी हजर राहून दोन शब्द बोललं पाहिजे. रस्ता केला, शाळेला खोल्या दिल्या, हे लोक वर्षभरात विसरायचे. म्हातारीच्या दहाव्याला कोण आलं नाही, हे पाच वर्षं विसरायचे नाहीत. लग्नसराईत पत्रिकांचा गठ्ठा माझ्या टेबलावर असायचा. कोणाकडे त्याने स्वतः जायचं, कोणाकडे मी जायचं, कोणाकडे नुसता पुष्पगुच्छ पाठवायचा, हे मी ठरवायचो. ते ठरवण्यात मला गोडी लागली होती, हे मी कबूल करतो. मोठमोठी माणसं मला फोन करून "साहेब" म्हणायला लागली होती. बागायतदार, बिल्डर, साखर कारखान्याचे संचालक. लिपिकाच्या मुलाला ते चढायला वेळ लागत नाही.

ठरवण्याची माझी एक रीत होती. जी मतं हलतील अशी, तिथे आमदाराने जायचं. जी कुठेच जाणार नाहीत, तिथे मी. त्या हिशेबात वस्ती नेहमी शेवटी यायची. वस्तीतली लग्नं विहाराच्या अंगणात संध्याकाळी व्हायची. तिथे मी जायचो, तेही धावतपळत. "साहेब अधिवेशनात आहेत" असं सांगायचो. कोणी रागवायचं नाही. आपलीच माणसं आहेत, असं मी म्हणायचो. आपली माणसं म्हणजे ज्यांना थांबवून ठेवता येतं ती, असा त्या शब्दांचा अर्थ मी करून टाकला होता.

तंत्रज्ञानाच्या नव्या संकुलाकडे जाणारा रस्ता रुंद करायचा ठरला तेव्हा वस्तीच्या दारांवर नोटिसा लागल्या. गायरानावरचं अतिक्रमण, म्हणून काढून टाकायचं. जागा कुठे देणार, यावर एक ओळ नाही. विहारात सभा झाली. पत्र्याखाली बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. माझा मित्र म्हणाला, "मी विधानसभेत लक्षवेधी सूचना मांडतो. मंत्र्याला सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागतं. तिथे दिलेला शब्द फिरवता येत नाही."

त्याची आई पुढेच बसली होती. "उभा ऱ्हाशील तर नीट उभा ऱ्हा," ती म्हणाली. "लगीच खाली बसू नगं." सभा हसली. तोही हसला.

त्याने काम चोख केलं होतं. मंत्र्यांना आधी जाऊन भेटला. मंत्री म्हणाले, "तुम्ही विचारा. पर्यायी घरं दिल्याशिवाय कोणाला हलवणार नाही, असं मी सभागृहात सांगतो. तेवढं झालं की अधिकारी हात लावत नाहीत." म्हणजे त्याने त्या दिवशी फक्त उभं राहायचं होतं. नाव पुकारलं की उभं राहायचं, सूचना वाचायची आणि ऐकायचं.

शेजारच्या मतदारसंघातले एक ज्येष्ठ आमदार मला भेटले होते. म्हणाले, "माझंही नाव घाला त्या लक्षवेधीत. दोघं असलेले बरे." एका सूचनेवर दोन-तीन नावं असली की एक नसला तरी दुसरा उभा राहू शकतो, हे मला माहीत होतं. मी म्हणालो, "साहेब, हा आमच्या घरचा प्रश्न आहे. आम्हीच मांडतो." खरं कारण हे, की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत दोन नावं आली असती. मला एकच हवं होतं.

आणि त्याच आठवड्यात लोणीच्या बागायतदाराच्या मुलीचं लग्न होतं.

हे तेच घर, ज्यांच्या उसात मित्राचे वडील राबले. बागायतदारांच्या आईच्या दहाव्याला आम्ही पोचलो नव्हतो. बागायतदार मला कार्यालयात येऊन म्हणाले होते, "आमच्या म्हातारीला आमदार आलं न्हाईत. आम्ही काय बोललो न्हाई. पण लक्षात हाय." मग पत्रिका ठेवून म्हणाले, "पोरीच्या लग्नाला तुमचा शब्द पाहिजे. त्यांचा न्हाई, तुमचा."

तुमचा, म्हणाले. मी दिला.

लग्नाची तारीख आणि लक्षवेधीची तारीख एकच निघाली. आदल्या संध्याकाळी मुंबईला आमदार निवासातल्या खोलीत आम्ही कँटीनमधून आणलेलं जेवत होतो.

"उद्या माझी चौथ्या क्रमांकावर आहे," तो म्हणाला.

"चौथ्यापर्यंत पोचतंय कोण? आठवडाभर प्रश्नोत्तरांचा तास तरी झालाय का?" ते खरं होतं. विरोधक रोज फलक घेऊन मधोमध उतरत होते आणि कामकाज रोज बंद पडत होतं.

"आणि उद्या चाललं तर?"

"नाही चालत. आतून कळलंय मला."

"कोणाकडून?"

"आहे माझा माणूस," मी म्हणालो. असा माणूस नव्हता.

तो भाताची शितं बोटाने ताटाच्या कडेला लावत बसला. मग मी त्याला माहीत असलेलंच पुन्हा सांगितलं. तुझे वडील त्यांच्या बांधावर उभे राहायचे. उद्या तू त्यांच्या मांडवात पुढच्या सोफ्यावर बसशील. ते तुला फेटा बांधणार आहेत. हे मी मुद्दाम बोललो. ते कुठे लागतं, हे मला कॉलेजपासून ठाऊक होतं.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "फेटा कोण बांधणार? ते स्वतः?"

"स्वतः."

"मग पहाटे निघतो," तो म्हणाला. "पण काही वाटलं तर लगेच फोन कर. मी वाटेतून फिरेन."

सकाळी मी विधानभवनात इतर स्वीय सहायकांबरोबर चहा पीत उभा होतो. सभागृहातलं कामकाज तिथल्या टीव्हीवर दिसायचं. एकाने विचारलं, "तुमचे कुठे आहेत आज?"

"मतदारसंघात. लग्न आहे."

"आमचे झोपलेत," तो म्हणाला. "आज काय होतंय! मी तर दुपारच्या गाडीचं तिकीट काढलंय."

सगळेच तसं समजून चालले होते, असं मी पुढे स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं. पण त्यातल्या कोणाच्या साहेबांची वस्ती त्या दिवशीच्या कार्यक्रमात नव्हती.

सभागृह बसलं. विरोधी बाजूचे एक नेते उठले. आता ओरडा सुरू होणार, म्हणून मी कप खाली ठेवला. ते म्हणाले, की सकाळी अध्यक्षांच्या दालनात चर्चा झाली आहे, आमच्या मागणीबाबत तोडगा निघाला आहे, आम्ही कामकाजाला सहकार्य करू. आणि खाली बसले. प्रश्नोत्तरं सुरू झाली. कोणीतरी दुधाच्या भावाबद्दल विचारत होतं. इतक्या शांतपणे चाललेलं सभागृह मी त्या अधिवेशनात पहिल्यांदा पाहत होतो.

मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तोवर तो फिरला तरी पोचणार नव्हता, पण मला ते सुचलंच नाही, मी लावत राहिलो. पहिली लक्षवेधी झाली. दुसऱ्या सूचनेच्या मंत्र्यांनी वेळ मागून घेतला. मी त्या ज्येष्ठ आमदारांना शोधत लॉबीच्या दारापर्यंत धावलो. दिसले, पण त्यांचं नाव त्या सूचनेवर नव्हतं. नाव नसलेल्याला उभं राहता येत नाही. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्हीच म्हणालात ना, घरचा प्रश्न?"

तिसरी चालू असताना फोन ड्रायव्हरने उचलला. मागे बँडचा गलका. "साहेब स्टेजवर हायत," तो ओरडून म्हणाला. "अक्षता चालू हायत. काय सांगू?"

मी फोन तसाच कानाला धरून टीव्हीसमोर परत आलो.

अध्यक्षांनी त्याचं नाव घेतलं. थांबले. पुन्हा घेतलं. पुढच्या बाकावर मंत्री कागद उघडून तयार होते. मागून कोणीतरी म्हणालं, "लग्नसराई आहे, अध्यक्ष महोदय!" हशा झाला. "सन्माननीय सदस्य उपस्थित नाहीत," अध्यक्ष म्हणाले, "पुढची सूचना." मंत्र्यांनी कागद मिटला.

तो संध्याकाळी मुंबईत परत आला तेव्हा कपाळावर फेट्याचा वळ होता. त्याने मला एकच विचारलं. "तुझ्या माणसाने नक्की काय सांगितलं होतं?"

तिथे मला खरं सांगता आलं असतं. दोघंच होतो आम्ही. मी म्हणालो, "त्यालाही शेवटपर्यंत माहीत नव्हतं."

त्याने मान हलवली आणि मंत्र्यांकडे गेला. मंत्री म्हणाले, "अहो, मी उत्तर घेऊन बसलो होतो. आता पुढच्या अधिवेशनात बघू."

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या वर्तमानपत्रात दोन्ही गोष्टी शेजारी छापून आल्या. एका बाजूला सभागृहातली बातमी, दुसऱ्या बाजूला फेट्यातला फोटो. पक्षाच्या शहर कार्यालयात एक वयस्क पदाधिकारी बसायचे. ते चष्म्यावरून बघत त्याला म्हणाले, "फेटा छान बसलाय हो आपल्याला. पुढच्या वेळी सभागृहात बांधून बसा, म्हणजे अध्यक्षांना लांबून दिसाल."

वस्तीत तो स्वतः गेला. मी म्हणालो होतो की दोन दिवस थांब, राग निवळू दे. तो म्हणाला, "राग निवळेपर्यंत थांबायचं असेल तर जायचं कशाला?" विहारात उभा राहून म्हणाला, "माझं नाव पुकारलं तेव्हा मी तिथे नव्हतो. चूक माझी आहे." एवढंच. कोणी सांगितलं, का गेलो, काही नाही. मी दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ उभा होतो. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. आपण आत्ता बोलावं असं मला वाटलं, आणि आत्ता बोलून त्याचं बोलणं कमजोर होईल असंही मी लगेच स्वतःला समजावलं.

त्याच्या आईने विचारलं, "कुठं व्हतास?"

"लग्नाला."

"कुनाच्या?"

त्याने त्या घराचं नाव सांगितलं. ती मग म्हणाली, "तुझा बाप त्यांच्यात खपला. तुला जेवाय तरी नीट वाढलं का?"

त्या सभेत कोणी हसलं नाही.

पुढचं अधिवेशन यायच्या आत पोलीस आले आणि जेसीबी आले. तो रस्त्यात आडवा पडला. त्याला उचलून गाडीत घातलं आणि संध्याकाळी सोडलं. कोर्टात स्थगिती मिळाली नाही. त्याच्या आईने विहारातली मूर्ती आधी बाहेर काढली, तिच्यामागे स्वतःचे डबे आणि भांडी. नळाची तोटी कोणीतरी कापून घेतली होती. तो नळ बराच वेळ नुसता वाहत होता आणि पोलीस त्यात हात धूत होते.

लोकांना आधी हडपसरच्या पलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये टाकलं, नंतर काही वर्षांनी एका उंच इमारतीत खोल्या दिल्या. लिफ्ट चालू झाली ती थोडे दिवसच. त्याने आईला आपल्याकडे बोलावलं. ती गेली नाही. "मी सगळ्यांबरुबर हाय तिथं हाय," म्हणाली.

निवडणूक आली तेव्हा वस्तीची मतं दुसऱ्या मतदारसंघात गेलेली होती. माझ्या हिशेबातली न हलणारी मतं तीच होती. बागायतदार समोरच्या उमेदवाराच्या व्यासपीठावर दिसले. मी जाऊन विचारलं. "लग्नाला आलं, त्याचं उपकार हायतच," ते म्हणाले. "पर मत ही येगळी गोष्ट हाय, साहेब." पक्षाने आधीच तिकीट नाकारलं होतं. तो अपक्ष उभा राहिला आणि वाईट पडला.

मी त्या निवडणुकीत त्याच्याबरोबर नव्हतो. प्रचार सुरू व्हायच्या आधीच मी खराडीतल्या एका कंपनीच्या प्रशासन विभागात लागलो होतो. परवानग्या, पाणी, बस, कँटीन, सरकारी कचेऱ्यांमध्ये खेटे. लग्नांमध्ये जोडलेल्या ओळखीच मला तिथे घेऊन गेल्या. मी त्याला सांगितलं, घर चालवायचंय. तो म्हणाला, "बरोबर आहे तुझं." मग तो जिल्हा न्यायालयात परत गेला. अपघातांच्या नुकसानभरपाईची प्रकरणं घेतो. लोक त्याला अजून आमदारसाहेब म्हणतात. त्यातले काही थट्टेने म्हणतात, आणि तो दोन्हींना सारखंच "बोला" म्हणतो. लग्नांना तो जात नाही. माझ्या मुलीच्या लग्नालाही आला नाही, आशीर्वाद कळवला.

इतकी वर्षं मी हे धरून बसलो होतो आणि तसाच निवृत्त झालो असतो. पण आमच्या कंपनीच्या इमारतीत सफाईच्या कामाला एक बाई आली. लिफ्टची वाट बघत असताना तिने मला निरखून पाहिलं.

"तुम्ही आमदाराच्या गाडीत पुढं बसायचे ना?"

"हो."

"मी वस्तीतली. तुम्ही माझ्या लग्नाला आलते. घाईत होते." मग फरशीवरचं पाणी पुसत म्हणाली, "त्याची आई आजारी हाय. आमच्याच मजल्यावर ऱ्हाती. अजून बोलती त्याला. कुनी बी आलं की सांगती, आमच्या पोरानं लगीन धरलं आन् घर सोडलं. त्यो दर आठवड्याला येतो, पाय चेपतो, ऐकून घेतो."

मला वाटत होतं की ते सगळं कधीच संपलं. तो अजून दर आठवड्याला ते ऐकत होता.

मी पुढच्या रविवारी तिच्याकडे गेलो. वाटेत वाक्यं जुळवली. ती खाटेवर पडून होती. मला ओळखलं. "ये बाबा," म्हणाली, आणि शेजारणीला चहा टाकायला लावला. माझ्या मुलीचं विचारलं. तिचे पाय सुजले होते. मी चहा घेतला. बशी खाली ठेवताना म्हणालो, "मावशी, तुमच्या मुलाची त्यात चूक नव्हती."

"मग कुनाची?"

खिडकीतून कपडे वाळत घातलेले दिसत होते. मी म्हणालो, "परिस्थितीच तशी होती."

"परिस्थितीनं अक्षता टाकल्या व्हय?" ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

मी पुन्हा येईन म्हणून निघालो. पुन्हा जायच्या आत ती गेली. तिच्या मनात तिचा मुलगा फेटा बांधून घ्यायला गेला होता, आणि शेवटपर्यंत तसंच राहिलं. हे आता कोणालाच दुरुस्त करता येणार नाही. मी काहीही लिहिलं तरी नाही.

पुण्यानुमोदनाचा, म्हणजे आमच्याकडच्या श्रद्धांजलीचा कार्यक्रम ती राहायची त्या इमारतीच्या तळमजल्यावर, दुचाक्या बाजूला सारून ठेवला होता. वस्तीतली बरीच माणसं आली होती. चेहरे म्हातारे झाले होते. त्रिशरण, पंचशील झालं. मग आमच्या रिवाजाप्रमाणे एकेक जण उठून गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलू लागला. माझा मित्र माझ्याजवळ येऊन म्हणाला, "तू पण बोल दोन शब्द. तू तिला ओळखायचास."

मी माईक घेतला. म्हणालो, की मी मावशींबद्दल बोलणार नाही, त्यांना जे सांगायचं होतं ते सांगतो. वस्तीची लक्षवेधी होती त्या दिवशी सभागृह चालणार नाही, असं आमदारांना मी सांगितलं. आतून निरोप आहे, हे खोटं होतं. त्यांना जायचं नव्हतं, मी त्यांना पाठवलं. दुसरं नाव सूचनेवर येऊ दिलं नाही, तेही मीच.

मागून एक म्हातारा म्हणाला, "आता कशाला सांगतोस हे?" दुसरा म्हणाला, "बोलू दे." सफाईवाली बाई मांडीवरच्या नातवाला थोपटत होती, तिचा हात थांबला. माझ्या मित्राने माझ्याकडे बघून मान हलवली, थांब म्हणून. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. तेव्हा मला कळलं, की त्याला हे कधीपासूनच माहीत होतं. तरी तो दर आठवड्याला आईचे पाय चेपत गप्प राहिला होता. "मलाही जायचंच होतं," तो हळूच म्हणाला. पुढच्या दोन रांगांनाच ते ऐकू गेलं असेल.

मी थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा कधी बोललो नसतो. मी माईक खाली ठेवला, कारण त्यातून माझाच आवाज मोठा होऊन येत होता, आणि लोकांकडे तोंड करून म्हणालो, "तुमची घरं माझ्यामुळे गेली. मी तुम्हाला आपली माणसं म्हणायचो आणि सगळ्यात शेवटी धरायचो. मला माफ करा असं म्हणायचा मला हक्क नाही, तरी म्हणतो." मग त्याच्याकडे वळलो. सगळ्यांसमोर त्याला नेहमी साहेब म्हणायचो, ते त्या दिवशी म्हणालो नाही. "तुझी आई तुला दोष देत गेली," मी म्हणालो, "आणि तो माझा होता. तिच्या समोर बसून, तिचा चहा पिऊन मी ते सांगितलं नाही. माझं चुकलं. मला माफ कर."